वऱ्हाडची थंडी आणि हिमालय

वऱ्हाडांतल्या माणसानें थंडीविषयीं बोलावें, आणि तेंही तिची हिमालयाशीं सांगड घालून बोलावें, हें प्रथमदर्शनीं कोणासही थोडें विचित्र वाटेल. यवतमाळ जिल्ह्याचें नांव घेतलें कीं कापूस, काळी माती आणि वैशाखांतलें ऊन यांचीच आठवण होते. आमच्या जिल्ह्यांत उंच पर्वत नाहींत. यवतमाळ शहर पठारावर वसलेलें आहे खरें, पण तें पठारही समुद्रसपाटीपासून साडेचारशें मीटरांच्या आसपासचें. वर्धा, पैनगंगा, अडाण, अरुणावती, बेंबळा या आमच्या साऱ्या नद्या पावसाच्या पाण्यावर वाहणाऱ्या; बर्फाचा एक थेंबही त्यांच्या पात्रांत उतरत नाहीं. असें असूनही आमच्या शिवारांतील गव्हाची ओंबी भरेल कीं नाहीं, हें ज्या गोष्टींवर अवलंबून असतें, त्यांतली एक फार मोठी गोष्ट येथून हजारावर किलोमीटर दूर, हिमालयाच्या शिखरांवर घडत असते, असें मला आज सांगावयाचें आहे.

मी शास्त्रज्ञ नव्हें. मॅट्रिक झालों, शाळामास्तर झालों आणि जिल्ह्यांतील निरनिराळ्या खेड्यांत मुलांना शिकविण्यांत नोकरीचीं सारीं वर्षें घालविलीं. परंतु खेड्यांतल्या शिक्षकाला एक सोय असते. वर्षानुवर्षें एकाच वेळीं, एकाच वाटेनें, शेतांच्या कडेकडेनें त्याला शाळेंत जावें लागतें. आणि जी वाट माणूस रोज चालतो, तिच्यावरील लहानसा फेरफारही त्याच्या नजरेंतून सुटत नाहीं. शिवाय वर्गांत बसलेलीं मुलें हा एक प्रकारचा थर्मामीटरच होय. कोणत्या तिथीला पहिलें पोर डोक्याला फडकें बांधून आलें, कोणत्या दिवशीं मुलांनीं खोली सोडून अंगणांतल्या उन्हांत बसण्याचा हट्ट धरला, आणि पुन्हां सावलीची ओढ केव्हां लागली, या गोष्टी मी एका वहींत टिपून ठेवीत आलों. आज जें सांगणार आहें, त्यांतला घरचा भाग त्या वहींतला आहे; बाकीचा हवामानखात्यानें व पर्वतांचा अभ्यास करणाऱ्या संस्थांनीं प्रसिद्ध केलेल्या माहितींतला आहे.

आमच्याकडे थंडीचा एक ठरलेला क्रम असे. कोजागिरीच्या चांदण्यांत अंगाला पहिला गारवा लागे. दिवाळींत अभ्यंगस्नानाच्या वेळीं हुडहुडी भरे. मार्गशीर्षांत गांवच्या चौकाचौकांतून शेकोट्या पेटत, आणि पौषांत दिवस चांगला वर आला तरी म्हातारीं माणसें अंगावरची घोंगडी सोडीत नसत. संक्रांतीचा तीळगूळ नुसता गोड म्हणून खाल्ला जात नसे. त्या दिवसांत अंगाला त्याची खरोखरच गरज भासे. पुढें माघ सरतां सरतां थंडी उतरूं लागे, आणि 'होळी जळाली, थंडी पळाली' या म्हणीप्रमाणें फाल्गुनी पौर्णिमेला तिचा निरोप होई. थंडी किती कडक पडली याची चर्चा पारावर होई, पण खरें महत्त्व होतें तें तिच्या नेमस्तपणाला. ती वेळेवर येई आणि वेळेवर जाई. शेतकरी रब्बीचें बीं जमिनींत टाकी तें या वायद्याच्या भरंवशावर.

शहरांतील श्रोत्यांना कदाचित् ठाऊक नसेल, पण गव्हाला पाण्याइतकीच थंडीची गरज असते. रात्री गार असल्या म्हणजे एका रोपाला फुटवे अधिक येतात, आणि पुढें ओंबींतला दाणा सावकाश भरतो. दाणा दुधांत असतांना ऊन तापलें तर पीक लवकर पिवळें पडतें, कापणीही लवकर होते, पण हातांत येतो तो सुरकुतलेला, हलका दाणा. हरभऱ्याची गोष्ट थोडी निराळी आहे. तो जमिनींत उरलेल्या ओलीवर वाढतो आणि रात्रीचें दंव त्याला मानवतें. पूर्वीं आमच्याकडील बायका थंडीच्या दिवसांत हरभऱ्याच्या शेतावर रात्रीं पांढरें धुतलेलें फडकें पसरून ठेवीत. पहाटेपर्यंत तें दंवानें आणि पानांवरील आंबट रसानें चिंब होई. मग तें पिळून ती आंब बाटलींत भरीत. मुलांच्या पोटदुखीवर घरोघर तोच उपाय असे. आतां आंब धरणारीं घरें थोडीं उरलीं. औषधांचीं दुकानें जवळ आलीं हें एक कारण आहेच. परंतु फडकें चिंब होईल अशा स्वच्छ, गार, दंवाच्या रात्री लागोपाठ मिळेनाशा झाल्या, हेंही तितकेंच खरें.

आतां बदल कोणता झाला तें सांगतों. माझ्या वहींत तीन गोष्टी स्पष्ट दिसतात. पहिली, थंडी उशिरां येते. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगाला कढत पाणी लागलेंच नाहीं, अशीं वर्षें अलीकडे पुष्कळ झालीं. दुसरी, ती सलग राहत नाहीं. चार दिवस दांत वाजतात, मग अकस्मात् आभाळ भरून येतें, पूर्वेकडचा दमट वारा सुटतो, रात्री उबदार होतात, आणि आठ-दहा दिवसांनीं थंडी परत फिरते. तिसरी, ती लवकर जाते. आणि शेतकऱ्याच्या दृष्टीनें हीच सर्वांत वाईट. 'आधींच उल्हास, त्यांत फाल्गुन मास' असें आपण म्हणतों, पण आतां तो उल्हास माघांतच सुरू होतो. आभाळ आलें कीं तुरीवर आणि हरभऱ्यावर घाटेअळी चढते. धुवारी पडली कीं तुरीचा फुलोरा गळतो. आंब्याचा मोहोर कधीं वेळेआधीं येतो, कधीं येऊन काळा पडतो. यांतली एकेक गोष्ट पूर्वींही होत असे. पण पूर्वीं ती अपवाद म्हणून होई. आतां अपवाद कोणता आणि नियम कोणता, हेंच सांगतां येत नाहीं.

येथें एक शंका घेतली जाईल, आणि ती रास्तही आहे. म्हाताऱ्या माणसांना आपल्या लहानपणींचें सारेंच मोठें वाटतें. तेव्हांचा पाऊस मोठा, तेव्हांचे आंबे गोड आणि तेव्हांची थंडी खरी! केवळ आठवणींवर विसंबून निर्णय करूं नये, हें मी मुलांनाही सांगत आलों. शिवाय आठवणीच्या विरुद्ध बोलणारा पुरावाही आहे. आमच्या नागपुरास २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे पारा साडेतीन अंश सेल्सिअसवर उतरला. तत्पूर्वीं ७ जानेवारी १९३७ रोजीं तो ३.९ अंशांवर गेल्याची नोंद होती. म्हणजे ऐंशी वर्षांचा उच्चांक, किंवा नीचांक म्हणा, अगदीं अलीकडे मोडला. मग थंडी कमी झाली असें कसें म्हणावें?

याचें उत्तर असें कीं, एका रात्रीची हवा आणि प्रदेशाचें हवामान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवामान ठरवावयाचें तें तीस-तीस वर्षांच्या सरासरीवरून. आपल्या हवामानखात्याची स्थापना इ. स. १८७५ सालीं झाली आणि तापमानाची देशव्यापी तुलना १९०१ पासून करतां येते. त्या तुलनेंत २०२४ हें साल भारतांत सर्वांत उष्ण ठरलें. २०२२ चा मार्च हा दिवसाच्या तापमानाच्या दृष्टीनें १९०१ पासूनचा सर्वांत तप्त मार्च होता, आणि २०२३ चा फेब्रुवारी हा तसाच सर्वांत तप्त फेब्रुवारी. २०२२ च्या त्या मार्चनें पंजाब-हरियाणांतला गहू भरण्याच्या ऐन वेळीं करपविला, आणि १३ मे २०२२ रोजीं सरकारला गव्हाची निर्यात बंद करावी लागली. तेव्हां एखादी रात्र कडाक्याची पडेलही. पण जी सलग, नेमस्त, पिकाला पोसणारी थंडी, ती दोन्ही टोकांनीं कुरतडली जात आहे. माझी वही आणि खात्याचे आंकडे एकच गोष्ट सांगतात, म्हणूनच मी ती आपणांपुढें मांडण्याचें धाडस केलें.

आतां ही थंडी आमच्याकडे येते तरी कोठून? भूगोलाच्या तासाला मुलें नेहमीं सांगत कीं सैबेरियांतून. तें बरोबर नाहीं. सैबेरियाची जीवघेणी हवा हिमालय आपल्या पाठीवर अडवून धरतो. तो नसता तर उत्तर हिंदुस्थान हिंवाळ्यांत गारठून गेला असता. आमची थंडी दोन गोष्टींनीं होते. एक, हिंवाळ्यांत आकाश निरभ्र असतें आणि रात्रीं जमिनीची ऊब वर निघून जाते. ढग आले कीं ते घोंगडीसारखे ती ऊब अडवितात. दुसरी गोष्ट उत्तरेकडच्या वाऱ्याची. हिंवाळ्यांत भूमध्य समुद्राच्या बाजूनें इराण-अफगाणिस्थानावरून एकामागून एक वायुभोंवरे हिमालयावर येतात. त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. ते काश्मीर, हिमाचल, गढवाल येथें बर्फ टाकतात, आणि ते पुढें सरकले कीं मागून कोरडा, गार वारा खालीं उतरतो. तो पंजाब, राजस्थान, माळवा ओलांडून सातपुड्याच्या खिंडींतून वऱ्हाडांत पोंचतो. पौषांत पहाटे आपण खिडकी लावून घेतों ती या वाऱ्यामुळें. तात्पर्य, आमच्या अंगणांतली थंडी ही पर्वतांच्या अंगणांतून पाठविलेली आहे. तेथला क्रम बिघडला तर येथला बिघडल्यावांचून राहत नाहीं.

पर्वतावर नेमकें काय बिघडतें, हें समजण्यासाठीं फार दूर जावयास नको. आमच्या विदर्भांत चिखलदरा आहे. मेळघाटांतलें हें ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारें अकराशें मीटर उंच. महाराष्ट्रांत कॉफीचे मळे पाहावयाचे तर येथेंच यावें लागतें. शाळेची सहल तेथें नेली म्हणजे मी मुलांना एक प्रयोग करावयास सांगत असें. पायथ्याशीं परतवाड्याला थर्मामीटर पाहावयाचा, आणि घाट चढून वर गेल्यावर पुन्हां पाहावयाचा. हजार मीटर उंच गेलें कीं हवा सुमारें साडेसहा अंशांनीं गार होते, हा साधारण नियम मुलांना अशा रीतीनें बसच्या प्रवासांत कळे. आतां हाच नियम उलटा करून पाहा. सर्व हवा एका अंशानें तापली, तर पूर्वींइतकाच गारवा मिळविण्यासाठीं आपणांस सुमारें दीडशें मीटर अधिक वर चढावें लागेल. चिखलदऱ्यास यामुळें फार तर एखादा स्वेटर कमी लागेल. पण हिमालयांत बर्फाची रेघच तितकी वर सरकते, आणि जेथें बर्फ पडत असे तेथें पाऊस पडूं लागतो.

ही सरकलेली रेघ मीं माझ्या डोळ्यांनीं पाहिली आहे. इ. स. १९९० च्या जूनच्या आरंभीं मी आईवडिलांना घेऊन गंगोत्रीस गेलों होतों. ते दोघे मंदिरापाशीं थांबले आणि मी इतर यात्रेकरूंबरोबर पुढें अठरा किलोमीटर पायीं चालत गोमुखास गेलों. गंगोत्री तीन हजार मीटरांहून उंच, गोमुख सुमारें चार हजार. सपाट मुलखांतल्या माझ्यासारख्या माणसाला दर शंभर पावलांवर थांबावें लागे. शेवटीं बर्फाची ती भिंत समोर उभी राहिली. पांढरी, मधूनमधून निळसर, आणि तळाशीं काळोखी गुहा. तींतून भागीरथी घुसळत बाहेर पडत होती. वडिलांसाठीं तेथलें पाणी मीं तांब्याच्या गडूंत भरून घेतलें.

पुढें सेवानिवृत्त झाल्यावर, २०१९ च्या जूनमध्यें, मी मुलाबरोबर पुन्हां त्या वाटेनें गेलों. महिना तोच, वाट तीच. पण जेथें भिंत पाहिल्याची आठवण होती, तेथें दगडगोट्यांचें एक उजाड पटांगण पसरलें होतें. हिमनदीचें मुख पार मागें हटलें होतें. बर्फाचा रंगही मळका, वर धूळ आणि दगड. मधूनच एखादा दगड सुटून गडगडत खालीं येई. परतीच्या वाटेवर धराली येथें चहा घेतांना तेथील एका वृद्ध बागवाल्याशीं बोलणें झालें. त्या खोऱ्यांत सफरचंदाच्या बागा आहेत. तो म्हणाला, "मास्तरजी, पूर्वीं मार्गशीर्षांत पडलेला बर्फ वसंतापर्यंत झाडांच्या बुंध्याशीं राहत असे. आतां तो माघ-फाल्गुनांत पडतो आणि चार दिवसांत जातो. झाडाला झोंपच पुरत नाहीं." सफरचंदाच्या झाडाला हिंवाळ्यांत ठराविक काळ थंडीची विश्रांति लागते, तरच पुढें फूल नीट धरतें. हिमाचलांतही सखल भागांतल्या बागा कमी होऊन सफरचंद किन्नौर-लाहौलसारख्या उंच मुलखांत चढत आहे. त्याचें बोलणें ऐकतांना मला आमचा गव्हाचा शेतकरीच बोलत आहे असें वाटलें. पीक निराळें, भाषा निराळी, तक्रार एकच.

एका माणसाच्या दोन फेऱ्यांवरून हिमनदीचा हिशेब करूं नये, म्हणून मोजमापाकडे वळूं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जे. बी. ऑडेन या भूशास्त्रज्ञानें १९३५ सालीं गंगोत्री हिमनदीच्या मुखाचा नकाशा केला. त्या खुणेपासून विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत मुख एक किलोमीटरहून अधिक मागें गेलें होतें. काठमांडू येथें पर्वतप्रदेशांचा अभ्यास करणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिनें २०२३ मध्यें असें दाखवून दिलें कीं, हिंदुकुश ते हिमालय या साऱ्या पट्ट्यांतल्या हिमनद्यांचा ऱ्हास २०११ ते २०२० या दशकांत मागल्या दशकाहून ६५ टक्क्यांनीं अधिक वेगानें झाला. सर्वच हिमनद्या सारख्या हटत नाहींत; काराकोरममधल्या कित्येक बरेच दिवस जागच्या जागीं राहिल्या. पण एकंदर कल कोणीकडे आहे याविषयीं मतभेद उरलेला नाहीं. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांनीं २०२५ हें साल हिमनद्यांच्या रक्षणाचें वर्ष म्हणून पाळलें, आणि २१ मार्च हा दिवस त्यांच्या नांवें ठरविला.

पर्वत मैदानापेक्षां अधिक लवकर कां तापतात? याचें उत्तर आमच्या शेतकऱ्याच्या पोशाखांत आहे. तो उन्हांत पांढरें धोतर आणि पांढरें उपरणें वापरतो, कारण पांढरा रंग ऊन परतवितो. बर्फ हें पर्वताचें पांढरें उपरणें होय. तें एकदां उतरलें कीं खालचा काळा खडक उघडा पडतो. तो ऊन पितो, तापतो, आणि शेजारचा बर्फही वितळवितो. त्यांत चुलींचा धूर, मोटारींची काजळी, जाळलेल्या पाचोळ्याची राख वाऱ्याबरोबर वर जाऊन बर्फावर बसते. पांढऱ्यावर काळा डाग पडला कीं तेवढी जागा अधिक तापते. याप्रमाणें एक कारण दुसऱ्याला जन्म देतें.

याचे परिणाम पर्वतांतल्या लोकांना आधीं भोगावे लागतात. १६ व १७ जून २०१३ रोजीं केदारनाथास अतिवृष्टि झाली आणि वरचा चोराबारी ताल फुटला. त्या आपत्तींत पांच हजारांहून अधिक माणसें मृत वा बेपत्ता झालीं. ७ फेब्रुवारी २०२१ रोजीं, ऐन हिंवाळ्यांत, चमोली जिल्ह्यांत खडक आणि बर्फ यांचा प्रचंड कडा कोसळून ऋषिगंगेला पूर आला आणि दोनशेंहून अधिक लोक मृत वा बेपत्ता झाले. आणि ५ ऑगस्ट २०२५ रोजीं, ज्या धरालींत मीं चहा घेतला होता, तिचा मोठा भाग खीरगंगेच्या लोंढ्यानें गाडून टाकला. महाराष्ट्रांतले कित्येक यात्रेकरू त्या वेळीं त्या भागांत अडकले होते. ही बातमी ऐकून मला प्रथम त्या बागवाल्याची आठवण झाली. त्याचें पुढें काय झालें तें मला कळलें नाहीं. अशा प्रत्येक संकटाचें खापर एकट्या हवामानावर फोडणें बरोबर होणार नाहीं; नदीच्या पात्रांत घरें आणि उपाहारगृहें बांधणारा माणूसही त्यांत भागीदार आहे. पण ज्या डोंगराचा बर्फ सैल झाला, त्याच्या पायथ्याशीं राहणें पूर्वींपेक्षां धोक्याचें झालें, एवढें निश्चित.

आमच्यापर्यंत त्याचा धक्का येतो तो दुसऱ्या वाटेनें. पश्चिमी झंझावातांचें वेळापत्रक बदलत आहे. ते आतां हिंवाळा संपल्यावरही, उन्हाळ्यांतसुद्धां, पूर्वींपेक्षां अधिक वेळां येतात, असें अलीकडच्या अभ्यासांत आढळलें आहे. त्यांची वरच्या थरांतली गार हवा आणि समुद्राकडून आलेली दमट हवा यांची गांठ मध्य हिंदुस्थानावर पडली कीं गारा होतात. २०१४ च्या फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा आणि महाराष्ट्राच्या इतर भागांत जी गारपीट झाली, तिची आठवण अजून कोणी विसरलेलें नाहीं. कापणीला आलेला गहू जमिनीशीं लोळला, हरभऱ्याचे घाटे झडले, संत्र्यांचा सडा पडला. खरीप आधींच कर्जावर काढलेला, आणि रब्बीनें तें फेडावयाचें, असा आमच्याकडील बहुतेक शेतकऱ्यांचा हिशेब असतो. यवतमाळ जिल्ह्याचें नांव गेल्या पंचवीस वर्षांत कोणत्या दुःखद कारणानें देशभर ऐकूं आलें, तें मी येथें उच्चारीत नाहीं, आपण जाणतां. त्या दुःखाचीं कारणें पुष्कळ आहेत. पण ज्याचें सारें गणित आधींच उणें आहे, त्याला ऋतूचा भरंवसाही राहूं नये, म्हणजे दुष्काळांत तेरावा महिनाच नव्हे काय?

आणखी एक धागा सांगून हा भाग पुरा करतों. हवामानखात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनीं इ. स. १८८४ मध्येंच असा विचार मांडला होता कीं, हिमालयावर हिंवाळ्यांत किती बर्फ पडला यावरून पुढच्या पावसाळ्याचा अंदाज करतां येईल. पर्वतावर बर्फ फार असला तर तो वितळविण्यांत उन्हाची ऊब खर्च होते, जमीन तापावयास वेळ लागतो आणि मोसमी वारे दुबळे पडतात, असा त्यांचा तर्क. आज हें नातें ब्लॅनफर्ड यांना वाटलें तितकें सरळ नाहीं, त्यांत इतर पुष्कळ कारणांची गुंतागुंत आहे, असें शास्त्रज्ञ मानतात. पण आमच्या कोरडवाहू कापसाच्या पावसाचा विचार करतांना हिमालयाकडे पाहावें लागतें, ही दृष्टि सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वींची आहे. पांखरांना तर ती त्याहूनही पुरातन काळापासून ठाऊक असावी. हिंवाळ्यांत विदर्भाच्या तलावांवर डोक्यावर दोन काळे पट्टे असलेलीं हंसासारखीं पांखरें उतरतात. त्यांना पट्टकादंब म्हणतात. तीं तिबेट-मंगोलियाकडचीं सरोवरें सोडून हिमालय ओलांडून येतात. त्यांच्या लेखीं तो पर्वत आणि हा तलाव एकाच घराच्या दोन खोल्या आहेत.

मग आपण करावें काय? शेतकऱ्याला गहू वेळेवर, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यांत पेरावा, उशिरांच्या पेरणीला लवकर पिकणारें वाण निवडावें, ओल उडूं नये म्हणून जमीन पाचोळ्यानें झांकावी, असे सल्ले मिळत असतात आणि ते उपयोगीही आहेत. शहरांतल्या कुटुंबांना मी दोन गोष्टी सुचवितों. पहिली विजेविषयीं. आमच्याच जिल्ह्यांतल्या वणी भागांत कोळशाच्या खाणी आहेत. तेथला काळा दगड जळतो, त्याची वीज होते, आणि त्याच्या धुराबरोबर जो वायु वर जातो, तो साऱ्या पृथ्वीवर घोंगडीसारखा पसरून तिची ऊब अडवितो. रिकाम्या खोलींतला दिवा आणि पंखा बंद करणें ही पूर्वीं केवळ काटकसर होती. आतां तिचा संबंध गोमुखाशीं आहे. एका घरानें हिमनदी वांचत नाहीं हें मी जाणतों. पण शेतकऱ्यानें एकट्यानें सारा भार सोसावा आणि आपण मात्र फक्त कणकेच्या भावावर कुरकुर करावी, हें बरें दिसत नाहीं.

दुसरी गोष्ट याहून सोपी आहे. घरांत एक वही ठेवा. पहिलें धुकें कधीं पडलें, गच्चीवरचें दंव कधीं दिसलें, दारचा आंबा केव्हां मोहरला, पळस केव्हां फुलला, रजई केव्हां काढली आणि केव्हां उन्हांत घालून ठेवून दिली, हें तारखेसह लिहा. हें काम मुलांवर सोंपवा. त्यांना तें आवडतें, असा माझा अनुभव आहे. आपल्या आजोबांनीं असें लिहून ठेवलें असतें, तर आज थंडी बदलली कीं नाहीं या वादांत आपणांस नुसत्या आठवणींवर विसंबावें लागलें नसतें. आपल्या नातवंडांना तरी ती अडचण पडूं नये. ऋतु आपलें वचन पाळीत नाहींसे झाले असतील, तर निदान तें केव्हां केव्हां मोडलें, याचा चोख हिशेब आपल्या घरीं असावा. हिशेब असला म्हणजे माणूस नुसतें हळहळत बसत नाहीं, विचारूं लागतो. आणि विचारणाऱ्यांची संख्या वाढली कीं उत्तरें देणाऱ्यांनाही जागें राहावें लागतें.